ओवाळणीच्या ताटातली सही

मी, श्रीमती शकुंतला वेणीमाधव बोरामणीकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी मृत्युपत्र लिहायचे नसते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणले गेले ते गेल्या भाऊबीजेला माझ्या मुलीवर, तेही माझ्याच घरात, मी आत बासुंदी आटवत असताना. म्हणून आज पाण्याचा दिवस असूनही मी भांडी तशीच टाकून कागद पुढ्यात घेतला आहे. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते. त्या दिवशी सोलापूरची बाई मयतालासुद्धा पाणी भरूनच जाते. यावरून प्रकरण किती गळ्याशी आले आहे ते समजावे.

प्रश्न एकच आहे. माझ्यामागे हे घर माझ्या मुलीला मिळते, की ती ते हसत हसत भावाला देऊन मोकळी होते? बाकीची कलमे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

कलम १. माझे यजमान वेणीमाधव वारले. मुलगा अजिंक्य पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याची बायको पायल आणि मुलगा ओजस त्याच्याजवळ असतात. मुलगी भार्गवी बार्शीला दिलेली आहे. जावई औषधांच्या दुकानात नोकरीला आहेत. माणूस सरळ, पगार बेताचा. सासूसह सगळे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. घरमालकाला दर दोन वर्षांनी आपला पुतण्या लग्नाचा झाल्याची आठवण होते, की यांची बिऱ्हाड हलवायची वेळ येते.

कलम २. बँकेतल्या ठेवी दोन्ही मुलांना समान द्याव्यात. अजिंक्यचे इंजिनिअरिंग आणि पुण्याच्या फ्लॅटची सुरुवातीची रक्कम माझ्या फंडातून गेली, हे मी बोलून दाखवणार नव्हते. पण त्याने बोलायची वेळ आणली. माझ्या पाटल्या पायलला आणि बोरमाळ भार्गवीला द्यावी. कोणीही हे दागिने मोडून परदेशवारी करू नये. मागच्या वर्षी अजिंक्यची मंडळी बालीला जाऊन आली. तिथे काय पाहिले असे विचारले तर ओजस म्हणाला, "आजी, हॉटेलात मस्त नळ होता, सारखा चालूच." त्यासाठी विमानाने जावे लागले, याचे मला दुःख आहे.

कलम ३. वरच्या खोलीत धनलक्ष्मी भाड्याने राहते. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. घरी तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी आणि गॅसवाल्याशी हिंदी. तिला खोली दिली तेव्हा गल्लीतले दोघेतिघे येऊन मला विचारून गेले, की बाई, एकटी आहे, काय खाते, काय पिते, कोण येते-जाते, चौकशी केली का? मी म्हटले, तुमच्या पोराच्या हळदीला ते भिंती हलवणारे डीजे लावलेत तेव्हा माझी चौकशी कोणी केली होती का? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर माझे पाणी धनलक्ष्मीने भरले. चौकशी करणाऱ्यांपैकी एकानेही कळशी उचलली नाही. घर ज्याच्या नावावर जाईल त्याने तिला तिच्या मर्जीशिवाय खोली सोडायला लावू नये, आणि भाडे वाढवायचे झाल्यास आधी तिची शिलाई किती वाढली ते विचारावे.

स्वयंपाकघराच्या फरशीखाली हौद आहे. मोटर जळेल म्हणून नळ यायच्या आधी ती चालू करू नये. हे मी आयुष्यभर सांगत आले, आता लेखी देते.

कलम ४. माझे दिवस साधेपणाने करावेत. मांडव नको, वाढपी नकोत, आणि "आईंना आवडायचं" या नावाखाली मला कधीही न आवडलेला गुलाबजाम नको. अस्थी आपल्या जिल्ह्यातल्या कुडलच्या नदीसंगमावर सोडाव्यात. तिथे एस.टी.ने किंवा जीपने जावे. बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, तर बायकांनीच जावे. बायकांनी जायचे नसते असे कोणी म्हणाल्यास त्याला माझ्या वतीने घरी बसवावे. अस्थींसोबत फोटो काढून कोणालाही पाठवू नये.

कलम ५. माझा धाकटा भाऊ अभिमन्यू, राहणार मंगळवेढा, याला मी काहीही ठेवत नाही. त्याचे कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढचे कलम समजेल. वडील गेले त्या वर्षी हा सोलापूरला आला. पिशवीतून एक पातळ काढले, दुसऱ्या पिशवीतून वडिलांच्या जमिनीचे हक्कसोडपत्र काढले. म्हणाला, "अक्का, हितं सही कर की. आपल्यात काय वाटण्या हायत व्हय? माहेर तुझंच हाय." माहेर तुटू नये म्हणून आमच्याकडच्या पोरी अशाच सही करतात. बहिणीने हिस्सा मागितला तर चारचौघांत नाक कापले जाते. भावाने सगळे घेतले तर त्याला घर सांभाळणारा म्हणतात. मी सही केली. त्यानंतर त्या काळ्या रानातून ज्वारीचे एक पोतेसुद्धा माझ्या दारात आले नाही. पातळाचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. मग मी ते फाडून नळाला पाणी गाळायला बांधले. त्या जमिनीतला माझा हिस्सा तेवढाच मला उपयोगी पडला.

कलम ६. आता भाऊबीज. रीत अशी की भावाने बहिणीच्या घरी जायचे. आमच्याकडे बहीण बार्शीहून सोलापूरला येते, कारण बार्शीच्या त्या बोळात अजिंक्यची गाडी लागत नाही. गेल्या भाऊबीजेलाही ती आली. तिने ओवाळले. अजिंक्यने ताटात इरकल साडी घातली. पोरगी इतकी हरखली, की मलाच वाईट वाटले. मी बासुंदीकडे गेले. परत येते तर निरांजन अजून तेवत होते, आणि त्याच ताटात सुपारी बाजूला सारून एक टाइप केलेला कागद ठेवलेला. भार्गवी त्यावर सही करत होती. बोटाला लागलेले कुंकू कागदाच्या कोपऱ्याला उमटले होते.

मी विचारले, "कसली सही गं?"

"काही नाही आई. दादाची फॉर्मॅलिटी."

अजिंक्य म्हणाला, "पुढं धावपळ नको म्हणून, आई. घराचं आहे. तिची हरकत नाहीये, विचार की तिला."

कागदात लिहिले होते, "आईच्या पश्चात." आई चार पावलांवर, हातात बासुंदीची पळी घेऊन उभी होती.

मी भार्गवीला विचारले, "तुला घर नको?"

ती म्हणाली, "नको आई. मला फक्त माहेर राहू दे."

अगदी हेच मी अभिमन्यूला म्हटले होते. माझा इतका संताप झाला, की बासुंदी खाली लागली तरी मला वास आला नाही. शाळेत इतकी वर्षे नागरिकशास्त्र शिकवले, मुलींचा समान हक्क फळ्यावर लिहून दिला, पाठ करून घेतला, आणि माझीच मुलगी भाड्याच्या खोलीतून येते आणि एका साडीवर घर सोडून जाते. लागलेली बासुंदी मी सगळ्यांना वाढली, आणि सगळ्यांनी ती निमूट खाल्ली.

नंतर वकिलांना विचारले. ते म्हणाले, आई हयात असताना केलेल्या अशा कागदात वाण्याने शेंगदाणे बांधून द्यावेत, एवढीच त्याची किंमत. पण तुमच्यामागे मुलीने रजिस्टर हक्कसोडपत्र करून दिले, तर ते पक्के. आणि माझी मुलगी ते करून देईल. स्वतःच्या खर्चाने बार्शीहून येऊन करून देईल आणि भावासाठी डब्यात चिवडाही आणील.

कलम ७. सून पायल हिच्याबद्दल माझ्या तक्रारी घरात सर्वांना पाठ आहेत. ती भाकरी फ्रीजमध्ये ठेवते. शेंगाचटणी मिक्सरमध्ये फिरवून तिचा चिखल करते. भाजीचा देठ फेकते आणि कोथिंबीर फोनवरून मागवते. पण तिची एक गोष्ट इथे लिहिणे भाग आहे. पंढरपुरात तिच्या वडिलांचा लॉज होता. ते गेल्यावर तिच्या भावाने तिची सही घेतली. साडी तिलाही मिळाली. हे कळल्यावर अजिंक्य माझ्यासमोर तिच्यावर ओरडला होता, "तुला अक्कल आहे का? कायद्यानं हक्क होता तुझा! भाऊ गोड बोलला आणि तू विरघळलीस?" त्या दिवशी मला मुलाचा अभिमान वाटला होता. शिकवलेले फुकट गेले नाही असे वाटले होते. कायदा त्याला बायकोच्या माहेरापुरताच पाठ आहे, हे मला भाऊबीजेला कळले.

कलम ८. सबब, शुक्रवार पेठेतले माझे घर, खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, हौद, वरची खोली आणि गच्ची यांसह, मी माझी मुलगी भार्गवी हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. हे घर माझ्या स्वकष्टार्जित कमाईचे आहे. यजमानांच्या पगारात घर चालायचे, माझ्या पगारातून हप्ते जायचे. खरेदीखताच्या वेळी ते म्हणाले होते, "हप्ते तू भरणार, मग नाव माझं कशाला?" एवढी साधी गोष्ट त्यांच्या मुलाला का सुचू नये, ते देव जाणे.

अट एकच. भार्गवीने हे घर किंवा त्याचा कोणताही भाग अजिंक्यच्या नावे करून दिला, किंवा तसा कागद केला, तर ते घर तिच्याकडे राहणार नाही आणि अजिंक्यकडेही जाणार नाही. ते संपूर्णपणे पायलचे होईल. अजिंक्यला त्यात राहायचे झाल्यास बायकोला विचारून राहावे.

वकील म्हणाले, अशी अट कोर्टात कितपत टिकेल ते सांगता येत नाही. मी म्हटले, कोर्टात टिकली नाही तरी चालेल, घरात टिकली म्हणजे झाले.

हे कलम मी पायलला फोनवर वाचून दाखवले. तिने मला ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मला वाटले, नेहमीसारखी रेंज गेली असेल. मग ती म्हणाली, "आई, खरं सांगू? ताईंना निक्षून सांगा, सही करू नका म्हणून. कारण घर माझ्या हातात आलं ना, तर मी परत देणार नाही. कुणालाच."

मी लग्न होऊन या घराण्यात आले त्याला जमाना झाला. माझी सासू, माझ्या नणंदा, मी, माझी मुलगी, कोणाच्याही तोंडून मी हे वाक्य ऐकले नव्हते. मला इतका आनंद झाला, की मिक्सरच्या चटणीबद्दल मी तिला त्याच फोनवर माफ केले. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी पायलला नेमत आहे.

कलम ९. भार्गवी, हे तुझ्यासाठी. माहेर राहू दे म्हणालीस. माहेर म्हणजे भावाने उघडायचे दार, असे तुला कोणी सांगितले? दार मी घातले, हप्ते मी भरले, आणि किल्ली मी तुला देते आहे. एकदा इथे आलीस की तुला पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागणार नाही. औषधांची दुकाने सोलापुरातही आहेत. तुझ्या सासूबाईंनाही बरोबर आणावे. त्यांना पाण्याच्या दिवसाची सवय होईल. तुला वाटेल, दादा रागावेल. रागावू दे. मी त्याची आई आहे, तो रागावला तरी जेवतो हे मला माहीत आहे.

ती इरकल साडी नेस. तुझ्या भावाने दिलेली आहे आणि रंग चांगला आहे. पण ती घराच्या बदल्यात मिळाली असे यापुढे कोणी म्हणू नये.

अजिंक्य, तुझ्यावर माझा जीव आहे, आणि आत्ता तुझा भयंकर रागही आहे. दोन्ही खरे समज. यापुढे भाऊबीजेला रीतीप्रमाणे तू बहिणीच्या घरी जायचे. ते घर शुक्रवार पेठेत आहे. गाडी कुठे लावायची ते तुला माहीत आहे.

राहता राहिला पेन. भाऊबीजेला सही झाल्यावर तू तो ओवाळणीच्या ताटातच विसरून गेलास. चांगला आहे, शाई थांबत नाही. हे मृत्युपत्र मी त्यानेच लिहिले. तो भार्गवीकडे राहील. तुला परत मिळणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. दाक्षायणीबाई सही करताना म्हणाल्या, "शकू, याची एक झेरॉक्स मला दे की. गावाकडं माझ्या भावाला पाठवते."

सही: शकुंतला वेणीमाधव बोरामणीकर

साक्षीदार:
१. दाक्षायणी मल्लप्पा हिरेमठ, निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारीण
२. बिरप्पा सिद्राम पुजारी, निवृत्त एस.टी. वाहक, समोरच्या घरातले

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १९ जानेवारी २०२६