पाणवाटीवरचा बोर्ड

आर्णी, बुधवार, संध्याकाळ

आजचा बोर्ड आठवला की तोंड कडू होतं. सायकलीला रंगाचे डबे बांधून धंदा सुरू केला, शेकडो पाट्या रंगवल्या. एवढी खोटी एकही नव्हती. अभयारण्यातल्या त्या शिखराला पायथ्याच्या कोलाम पोडात, म्हणजे कोलामांच्या वस्तीत, सगळे पाणवाटी म्हणतात. तिथं पडलेल्या पावसाचं अर्धं पाणी इकडच्या नाल्यात जातं, अर्धं तिकडच्या. आणि बोर्डावर काय? ‘सनराइज पॉइंट’!

बोर्ड उभा करताना पोडातला वाटाड्या भीमाबुवा हसला. “रफिकभाई, हा कडा तर मावळतीले आहे. सूर्य काय तुमचा बोर्ड वाचून इकून निघन?”

मी वनखात्याच्या साहेबांना सांगितलं. “राहू द्या हो, लोक फोटो काढायला येतात,” म्हणाले. मग ड्रायव्हरकडे वळून हळूच, “आता पेंटर आपल्याला भूगोल शिकवणार.” माझे कान तिखट, ऐकलंच. तरी स्क्रू आवळत राहिलो. काहून?

उतरताना भीमाबुवानं एवढंच विचारलं, “मंग आमची पाणवाटी कुठी गेली, भाई?”

सनराइज म्हणे! किळस येते. अक्षर मात्र काय सुबक उतरलंय. आणि खाली कोपऱ्यात, सवयीनं, माझी सही.