कलम एकशे सतरा

३ मार्च

चि. कलमबहाद्दरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. त्यातल्या दोन ओळी आमचा पत्ता तोच आहे ना, हे विचारण्यात गेल्या. तोच आहे बाबा. खाली माझं बाइंडिंगचं दुकान, वर बाबा आणि मी. जिना अजून तेवढाच अंधारा आहे.

आता मुद्द्याचं. बाबांचा डावा डोळा गेला. उजवा आणखी पाच-सहा महिने साथ देईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली त्या माणसाने. आता भिंग लावून जेमतेम दोन पानं वाचतात आणि तेवढ्यातही चुका काढतात. तुझा चेहरा नीट दिसेल अशा दिवसांत एकदा ये. तीन वर्षं झाली. सात दिवस राहा, घड्याळाकडे बघू नकोस, आणि ते सांगतील ती गोष्ट आधी ऐकलेली असली तरी शेवटपर्यंत ऐक. मी अकरा वर्षं ऐकतेय, मला काही झालेलं नाही.

वेळेवर जेवत जा. राग नाही, लोभ आहेच.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डोळ्याचं दोनदा वाचलं. पण आत्ता रजेचं नाव काढलं तर साहेब मलाच फाइलीत लावतील. अधिवेशन अवघं नऊ दिवसांचं आहे आणि सरकारला देश सुधारायचा आहे. म्हणून सगळ्या सुधारणा एकाच विधेयकात कोंबल्या आहेत. शाळेच्या दप्तराचं वजन, लिफ्टमधले आरसे, मधमाश्यांच्या पेट्या, निवृत्तिवेतन, दीपगृहं, बसच्या पायऱ्यांची उंची. एकूण तीनशे चाळीस कलमं. मसुदा लिहिणारे आम्ही तिघं. माझ्या वाट्याला मधमाश्या आल्या.

काल एक गंमत झाली. मंत्र्यांच्या गाड्यांवर मर्यादा घालणारं कलम एकशे सतरा शेवटच्या क्षणी काढून टाकायचा निरोप आला. ते काढलं की पुढचे सगळे आकडे बदलणार, आणि एकमेकांचा हवाला देणारी दोनशे वाक्यं कोसळणार. अशा वेळी आमच्याकडे पद्धत अशी, की रिकाम्या जागी तेवढ्याच लांबीचा कसलाही मजकूर टाकून ठेवायचा आणि अखेरच्या प्रुफात काढून घ्यायचा. साहेब नेहमी हवामान लिहितात. माझ्यासमोर तुझं पत्र होतं, तेच कायद्याच्या भाषेत बसवलं. बाबांना सांग, हसतील. विधेयक मांडून झालं की येतोच.

तुझा
धाकटा

२० एप्रिल

चि. कलमबहाद्दरास,
अनेक आशीर्वाद.

बाबा हसले नाहीत. वाचनालयाने राजपत्राचे सुटे छापील फर्मे माझ्याकडे शिवायला पाठवले होते, त्यातच तुझं विधेयक होतं. बाबांनी ते टेबलावर पसरले आणि भिंग घेऊन रोज दोन-तीन पानं, असे महिनाभर वाचले. या देशात ते विधेयक अथपासून इतिपर्यंत वाचलेला माणूस बहुधा तेवढा एकच. एकेचाळीस चुका निघाल्या. बेचाळिसावी चूक म्हणून त्यांनी मला हाक मारली आणि पुढचं वाचून दाखवायला सांगितलं:

कलम ११७. प्रत्येक कमावत्या अपत्याने वर्षातून किमान सात दिवस आपल्या वृद्ध पालकाजवळ राहावे. त्या काळात घड्याळाकडे पाहू नये. व पालकाने सांगितलेली गोष्ट पूर्वी ऐकलेली असली तरी शेवटपर्यंत ऐकावी.

अरे, हे काढून घ्यायचं होतं ना? माझ्या हातातून सरसाची वाटी पडायची बाकी होती. बाबा एवढंच म्हणाले, की सगळ्या विधेयकात समजेल असं हे एकच वाक्य आहे.

उत्तर ताबडतोब दे. आणि उत्तराऐवजी स्वतः आलास तर पोस्टाचं तिकीट वाचेल.
तुझी ताई

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तोंडचं पाणी पळालंय. अखेरचं प्रूफ आलंच नाही. विधेयक एक दिवस आधीच मांडलं गेलं. मी साहेबांपुढे जाऊन कबुली दिली. त्यांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग दार लावून घेतलं. आता ते कलम आमचं राहिलेलं नाही, असं म्हणाले. कारण सभागृहाला ते भयंकर आवडलंय, इतकं की त्यावर बोलायला नऊ दिवसांचं अधिवेशन वाढवलंय.

सत्ताधारी म्हणतात, ही कल्पना आमच्या जाहीरनाम्यातली. विरोधक म्हणतात, आमच्याकडून चोरली. एका सदस्याला भाषण करताना आईच्या आठवणीने रडू आलं. त्यांची आई वरच्या गॅलरीत बसली होती आणि त्यांना भेटायला दीड तास थांबून परत गेली. मधमाश्यांवर कोणी चकार शब्द काढला नाही.

भाषणं झाल्यावर मात्र एकेक जण मागच्या दाराने आमच्या खोलीत येऊ लागला. सदस्यांना सूट हवी, कारण ते देशाजवळ राहतात. बँकवाल्यांना हवी, डॉक्टरांना हवी, व्यापाऱ्यांना हवी. पालकाचं घर तीन तासांहून लांब असलेल्यांना हवी. या सगळ्या सवलती लिहायचं काम माझ्याकडे आलंय. हे एवढं मार्गी लागलं की निघतो.

तुझा
धाकटा

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कायदा झाला. कलम तीन ओळींचं आणि सवलतींचं परिशिष्ट अकरा पानांचं. शेवटची सूट मसुदा विभागातल्या कर्मचाऱ्यांना आहे. ती साहेबांनी सांगितली म्हणून लिहिली. हात नेहमीसारखा चालला. त्याचीच लाज वाटते.

खरं सांगू? या महिन्यात दोनदा रजा मिळत होती. मीच घेतली नाही. बाबांनी माझ्याकडे तोंड करावं आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जावी, हे मला बघवणार नाही. म्हणून मी कामाच्या आड लपतो. साहेबांनी पदोन्नतीसाठी माझं नाव पुढे केलंय. त्यांना वाटतं, मी कामाला वाघ आहे.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस.
तुझा
धाकटा

३० जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वाचून दाखवलं. मला त्यांच्यापासून काही लपवता येत नाही. पत्र वाचताना मी थांबले की त्यांना लगेच कळतं.

तुझ्या कायद्याची बातमी ऐक. इतक्या सवलतींनंतर तो लागू कोणाला उरला, तर जे आधीच आईबापांजवळ राहतात त्यांना. आपल्या गावात पहिली नोटीस मला आली. परवा निरीक्षक आले. मी सात दिवस वडिलांजवळ राहिल्याचा पुरावा मागू लागले. अकरा वर्षं राहतेय म्हटलं, तर अर्जात रकाने सातच आहेत म्हणाले. भिंतीवरचं घड्याळ उतरवायला लावलं. मग पालकाने स्वतः वाचून सही करायची, म्हणून कागद बाबांपुढे धरला. बाबांनी तो उलटा धरला आहे हे निरीक्षकांना आधी कळलं, बाबांना नाही.

होय, उजवाही गेला. गेल्या पंधरवड्यात. कसं लिहू ते सुचत नव्हतं.

शेवटी गोष्ट ऐकल्याची तपासणी बाकी होती. बाबांनी छापखान्याला आग लागली ती गोष्ट काढली, आणि मी ऐकते की नाही हे बघायला निरीक्षकांना बसून राहावं लागलं. पावणेदोन तास. एका परक्या माणसाने, सरकारी कामावर असताना, बाबांची गोष्ट अगदी शेवटपर्यंत ऐकली. जाताना बाबांच्या पाया पडला. तो जिना उतरून गेल्यावर मी खूप रडले आणि तुझा खूप राग आला. तो अजून गेलेला नाही.

बाबा सांगतात ते पुढच्या कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहिलंय.
ताई

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

परिशिष्ट मी पूर्ण वाचून घेतलं. भाषा स्वच्छ आहे. अकरा पानांत एकही चूक सापडली नाही, आणि हे मी कोणालाही सहसा म्हणत नाही.

ताई चिडली आहे, तिला चिडू दे. तुला बघवत नाही, मला बघता येत नाही. म्हणजे आपण दोघं सारखेच झालो. शेजारी बसायला हरकत नसावी.

तुला सूट मिळाली हे बरंच झालं. कायद्याने आला असतास, तर सातव्या दिवशी तुला निरोप देताना मला वाईट वाटलं असतं, की मुदत भरली. आता आलास तर कोणी धाडलं म्हणून आला नाहीस, एवढं मला कळेल. नाही आलास तर मात्र मी कोणाकडे तक्रार करू शकत नाही. सगळे दरवाजे तू फार नीट बंद केले आहेस.

तब्येतीला जप.
बाबा

५ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रजेचा अर्ज दिला. कोणत्या नियमाखाली, असं साहेबांनी विचारलं. कोणत्याच नाही म्हटलं. त्यांनी अकरावं पान काढून माझ्याच अक्षरातली सूट मला दाखवली आणि रजा नामंजूर केली. मी रजेशिवाय निघतो आहे.

हे पत्र तुमच्या हाती पडेल त्याच्या आदल्या दिवशी मी घरी पोचलेला असेन. तरीही पोस्टात टाकतो आहे. ताई वाचून दाखवेल तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलेला असेन, आणि तोपर्यंत तोंडाने जे सांगायचं धाडस झालं नसेल, ते तरी तुमच्या कानावर जाईल. बाबा, मी घाबरलो होतो. माझं चुकलं.

तुमचा
धाकटा