हनुवटीवरचे तीन ठिपके

४ डिसें., गुरुवार
पुनीसोबत लातूरला जाऊन आले, माझे फोटो काढायला. नात हाय ती माझी, लातुरात नाटकात काम करते, तिनंच मला पिक्चरच्या नादाला लावलं. नटांना असा फोटो लागतो म्हणे, नुसतं तोंड. मी म्हणलं, नुसतं मुंडकं भिंतीला टांगायच्या वक्ताला लागतं, मी अजून जित्ती हाय. पु. म्हणली, "आज्जे, त्याच्यावरूनच काम देतेत."
आजवर कशावरून दिलं मग? चार पिक्चर केले, ल्हान ल्हान कामं का असंनात. दोनदा भिकारीण, एकदा धुणंवाली, एकदा मेलेली. सगळ्यात मिळून बोलायला एकच वाक्य, "माय, कायतरी वाढ गं."
फोटुवाला म्हणला, "आजी, कॅमेऱ्याच्या मागं तुमचं आवडतं माणूस उभं हाय असं समजा." मागं भिंत होती. भिंतीकडंच बघितलं. मग डावी बाजू, उजवी बाजू. हाळीच्या बाजारात बैल असाच फिरवून बघतेत. म्हणलं, "दातं बघायचे राहिले की." हसला. लई गोड हसतो. गोड हसणाऱ्याचा मला भरोसा न्हाई.

५ डिसें.
काल लिहायचं राहिलं. फोटुवाल्यानं सल्लाबी दिला. "तुमचा टाइप ठरवा आजी, स्वतःला विकायला शिका." या वयात! पु. वहीत उतरून घेऊन राहिली होती. फुकट सल्ला देणारा जाताना कायतरी घेऊन जातो. काय नेलं ते अजून कळलं न्हाई.
निघताना दोघं कोपऱ्यात कुजबुजले. मी चप्पल घालायला मुद्दाम उशीर लावला. तरी ऐकू आलं न्हाई.

९ डिसें., मंगळवार
फोटो आला पु.च्या मोबाईलवर. चांगला हाय. लईच चांगला, म्हणून परत बघितला. हनुवटीवरचं गोंदण गायब. तीन ठिपके. नऊ वर्षांची होते, उदगीरच्या बाजारात गोंदलं, मायनं दोन्ही हात धरून ठेवले होते. मेल्यानं पाटी पुसावी तसं पुसलं.
फोन लाव म्हणलं. पु. म्हणली, सर कामात असतेत.

११ डिसें.
आजबी सर कामातच. मग शेजारणीच्या फोनवरून मीच लावला. नंबर फोटोच्या पावतीवर होता. "माझं गोंदण कुठं टाकलंस रे?"
तो म्हणला, "आजी, मी कशाला पुसू? तुमच्या नातीनंच सांगितलं."

१४ डिसें., रविवार
पु. जळकोटला माझ्याकडं आली. इचारलं. आधी म्हणली, चुकून झालं. नाटकात काम करणाऱ्या पोरीला धड खोटं बोलता येईना. मग फुटली.
"गोंदण दिसलं की तुला भिकारीणच देतेत, आज्जे. बंगल्यातली आजी कुणी देतंय का? पुसलं अन् बघ, पाच दिवसांत बोलावणं आलं."
नांदेडला. वकिलाची आई. नऊ वाक्यं. कागद दिला हातात. मी मोजले, दहा हायेत. एक नुसतं "हं" हाय.
लई भांडायचं होतं. पण कागद वाचत बसले. साक्षरतेच्या वर्गातली मी, अक्षर लावून लावून वाचते. वाचून होईस्तोवर पु.ची गाडी निघून गेली.

१५ डिसें.
"या घरात मला विचारल्याशिवाय काही होत नाही." कागदातलं हे वाक्य भाकरी थापताना म्हणते. न्हाई न्हाई, नाही. घरात आजवर मला इचारून काय झालं? गोंदणबी इचारून केलं न्हाई अन् पुसलंबी इचारून न्हाई.
एक गोष्ट डोक्यातून जाईना. पु. नाटकातल्या लोकांना "ही माझी आज्जी" म्हणून सांगते. कोणती? गोंदणवाली का पुसलेली?

१७ डिसें.
पु.नं डबी पाठवली, कातडीच्या रंगाचं मलम. जायच्या आधी लाव म्हणे, कुणाला कळायचं न्हाई. लावून आरशात बघितलं. खरंच वकिलाची आई दिसली. तेच जास्त खटकलं. धुऊन टाकलं. डबी पिशवीत.

१८ डिसें., गुरुवार. नांदेड
पदर हनुवटीवर धरून बसले. अकरा बाया, सगळ्यांच्या हातात मुंडकी. एकीच्या फोटोत सुरकुतीच न्हाई, सगळ्या सुरकुत्या तिच्यासंगं खुर्चीवर बसलेल्या.
आत बोलावलं. दहाही वाक्यं म्हणले, "हं" सगट. शेवटाला पदर निसटला. निसटला म्हणजे मीच सोडला.
टेबलामागचा माणूस एकदा फोटो बघे, एकदा मला.
"आजी, हा फोटो तुमचाच ना?"
"माझाच. तीन ठिपके कमी भरले."
हसला न्हाई. बाजूच्या बाईच्या कानात बोलला. बाकीच्यांना "कळवतो" म्हणून लावून दिलं. मला एकटीला म्हणले, थांबा.
कशाला, ते सांगितलं न्हाई. बाहेर बाकावर बसून लिहून राहिले. पु. शेजारी, नखं खाते. "आज्जे, डबी दे, अजून टाइम हाय." दिली न्हाई. पिशवी मांडीखाली धरली.
भिकारीण म्हणले तर उठायचं, ते घरूनच ठरवून आले. पण वकिलाची आई म्हणले, अन् आधी हे झाकून या म्हणले तर काय करायचं, ते ठरवलंच न्हाई.