अकराशे चिठ्ठ्या आणि एक सनद

३ जून, सकाळी ७
निकाल लागला. मी कायद्याचा पदवीधर! आता उरली फक्त वकिलीच्या सनदेची परीक्षा, आणि तीही चक्क पुस्तकं समोर ठेवून द्यायची. म्हणजे परीक्षा कसली, नुसती पानं उलटायची.
धाकटी बहीणही पास. ती दोन वर्षांनी लहान, पण मला तीन विषयांनी आग्रहाने ठेवून घेतलं, म्हणून बरोबरच निघालो.

६ जून
आईच्या ओळखीच्या एका सीनियर वकीलबाईंकडे दोघं गेलो. त्यांच्या ऑफिसात एकच खुर्ची रिकामी. म्हणाल्या, पहिल्या फटक्यात ज्याला सनद मिळेल त्याची. बिचारी धाकटी!
खुर्चीवर बसून पाहिलं. जरा करकरते. चालेल.

९ जून
नवी पद्धत शोधली. अख्खं पुस्तक वाचत बसणं हा जुन्या काळचा उद्योग. मी प्रत्येक कलमाला रंगीत चिकट चिठ्ठी लावणार. लाल म्हणजे फौजदारी, पिवळी दिवाणी, हिरवी करार, निळी म्हणजे नंतर बघू. प्रश्न आला की रंग बघायचा, पान उघडायचं. दोन सेकंद.
धाकटीला समजावलं. ती म्हणे, मी आपली वाचते. वाच बाई.

२१ जून
४१२ चिठ्ठ्या. निळ्या फार झाल्या.
लाल संपल्या. दुकानदाराकडे गुलाबीच होत्या. अर्धं फौजदारी लाल आणि अर्धं गुलाबी बरं दिसेना, म्हणून सगळं उपटून पुन्हा लावलं. बाबांनी विचारलं, वाचून किती झालं? त्यांना पद्धतच कळलेली नाही.

४ जुलै, रात्री ९
अकराशे पूर्ण! पुस्तकं मिटत नाहीत, वर इस्त्री ठेवली आहे.
प्रवेशपत्राच्या मागच्या सूचना वाच, असं धाकटीने आज तिसऱ्यांदा बजावलं. चौदा सूचना, मुंगीएवढी अक्षरं. कायद्याच्या माणसाला नियम अंगवळणी पडलेले असतात. उद्या बघू.

१२ जुलै, दुपारी ४
लिहवत नाही, पण लिहितो. परीक्षा केंद्राच्या गेटवरच्या पर्यवेक्षक बाईंनी माझी पुस्तकं उघडली आणि हसू दाबलं. सूचना क्रमांक सहा : पुस्तकं कोरी हवीत. खूण, टाचण, चिठ्ठी काही चालणार नाही. मी जोरदार युक्तिवाद केला. त्यांनी घड्याळ दाखवलं.
पायरीवर बसून उपटायला लागलो. धाकटी आत जायची सोडून शेजारी बसली आणि तीही उपटू लागली. मी खेकसलो, आत जा. घंटा झाल्यावरच गेली. मला वीस मिनिटं उशीर झाला.
आत पुस्तक उघडलं, तर एकही पान ओळखीचं वाटेना. रंग सगळे आठवत होते.
तरी पेपर बरा गेला. सत्तर कुठे गेले नाहीत. बरं, साठ.

२ ऑगस्ट
धाकटी पास. मला अठ्ठावीस.
हा निकाल नव्हे, हा धडधडीत अन्याय आहे. रीतसर आक्षेप घेणार. सूचना सहाची चिरफाड करतो, मग बघा!
सीनियर बाईंना फोन करून खुर्ची थांबवायला सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "सूचना वाचल्या होत्यास का, तेवढं सांग."
मी म्हटलं, मुद्दा तो नाही.
"वकिलीत मुद्दा तोच असतो, बाळा," म्हणाल्या आणि फोन ठेवला.
ठेवू देत. अर्ज वाचतील तेव्हा धावत येतील.

१० ऑगस्ट
एकेचाळीस पानी अर्ज तयार! आठवडाभर घासून भाषा अशी झाली आहे की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. परीक्षा कचेरीच्या काउंटरवर ऐटीत ठेवला. कारकुनाने अख्खं पहिलं पान वाचलं, मान डोलावली. म्हणाला, सुंदर लिहिलंय. मग माझंच प्रवेशपत्र उलटं करून सूचना तेरावर बोट ठेवलं. आक्षेप निकालापासून सात दिवसांत.
आज आठवा.

२५ ऑगस्ट
धाकटीचा शपथविधी. खुर्ची तिला मिळाली. सकाळी म्हणाली, दादा, तू नाही आलास तर मीही जात नाही. गेलो. पालकांच्या रांगेत आई, बाबा आणि मी.
ती काळ्या कोटात पुढे उभी राहिली. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. आणि हेवाही वाटला. न्यायाधीशांनी उजवा हात वर करायला सांगितला. चाळीस हात वर गेले. शपथ सुरू झाली. मी मनापासून, एकेक शब्द स्पष्ट म्हणत होतो.
तेवढ्यात शिपाई वाकून माझ्या कानाशी आला.
"पालकांनी हात वर करायची गरज नाही, काका."