चहात बुडवलेला रुमाल

चि. भाचेबुवांस,

मावशीचे आशीर्वाद (तूर्त अर्धे, उरलेले उत्तर आल्यावर).

रविवार, १२ मार्च, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, माझ्या निरोपसमारंभात, तू माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर कॅमेरा धरलास आणि फ्लॅश उडवलास. अपराध हा. आता विचारपूस. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढणं बंद कर आणि औषध घे. तुझा खोकला गेला असेल. नसला तरी सध्या माझी हरकत नाही. इकडे मी ठीक आहे आणि तुझे काका माझ्या प्रयोगांतून हळूहळू सावरताहेत.

तर तो फोटो. वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "वा, अगदी स्पष्ट आलाय!" स्पष्ट येणारच, पोलीस ठाण्यातलेही स्पष्टच येतात. कपाळ पांढरंफटक, नाक तेलकट, आणि मागच्या भिंतीवर माझी काळीकुट्ट सावली, जणू मीच माझ्या पाळतीवर आहे. हा फोटो आता वाचनालयाच्या भिंतीवर कायमचा लागणार. तिथे माझ्याआधीचे तीन ग्रंथपाल आहेत, तिघेही मिशीवाले, तिघेही खिडकीच्या उजेडात निवांत बसलेले. पहिली बाई मी. अख्खी नोकरी त्या भिंतीखाली बसून लोकांना "हळू बोला" म्हणत काढली, आणि आता त्याच भिंतीवरून भुतासारखी टक लावून बसू? ते व्हायचं नाही. (चौकातल्या स्टुडिओचं नाव काढू नकोस. चिटणिसांच्या बायकोच्या सुरकुत्या पुसता पुसता त्याने तिचं नाकही पुसलंय. मला माझंच तोंड हवंय, सुरकुत्यांसकट. त्यावर उजेड तेवढा माणुसकीने पडावा.)

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगत, तक्रार करण्याआधी विषय नीट समजून घ्या. म्हणून मी फोटोग्राफीचं पुस्तक आणून वाचलं आणि काकांचा जुना कॅमेरा माळ्यावरून काढला, वेगळा बसवायच्या फ्लॅशसकट. फ्लॅशचा उजेड एवढ्याशा चौकोनातून थेट येतो म्हणून टोचतो, आणि निळसर असतो म्हणून माणूस गारठलेला दिसतो. तेव्हा तो पसरवायचा आणि त्यात जरा ऊब घालायची, इतकं सोपं आहे. पुस्तकात हे एका पानात उरकलंय. माझा आठवडा गेला, आणि तुझ्या काकांची दुपारची झोप.

आधी फ्लॅश वर वळवून उजेड छतावरून खाली आणला. आमचं छत पिस्ता रंगाचं. फोटोत काका असे आले, की बोट लागलेला प्रवासी बरा. ते म्हणाले, "रंग तूच निवडलास." साफ खोटं. (रंग मी निवडला, तो छतालाही फासा, असं मी म्हटलं नव्हतं.) मग चॉकलेटच्या डब्यातला केशरी पारदर्शक कागद फ्लॅशवर गुंडाळला. तो फोटो पाहून शेजारीण म्हणाली, "काकांचं रक्त तपासून घ्या हो, उगाच अंगावर काढू नका." मग पांढरा सुती रुमाल बांधला. उजेड मऊ झाला, पण गारच. समोर काकांचा चहाचा कप होता. विचार न करता रुमाल त्यात बुडवला, पिळला, वाळवला. रंग सुरेख चढला, पण सकाळी कॅमेऱ्यावर मुंग्यांची रांग! चहा दूधसाखरेचा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "आता कॅमेऱ्यालाही नाश्ता लागतो का?" काकांनी विचारलं. मी मुंग्या झटकल्या. दुसरा रुमाल घेतला, कोरा चहा उकळला, रुमाल बुडवून वाळवला, इस्त्री केली आणि दुहेरी घडी घालून फ्लॅशवर बांधला.

आणि तो फोटो, भाचेबुवा! खुर्चीत बसलेले तुझे काका. गालाला गोलाई, मागची सावली विरलेली, आणि डोळ्यांत तो भाव, जो मी रोज बघते पण आजवर एकाही फोटोत आला नव्हता. मी तो फोटो शब्दकोशात जपून ठेवलाय. त्यांना सांगू नकोस, शेफारतील.

म्हणजे दोष माझ्या तोंडाचा नव्हता, हे सिद्ध झालं. एवढं तू मान्य करावंस.

तुझी (अजूनही)
मावशी

ता. क. १ : अडचण एकच. स्वतःचा फोटो मला काढता येत नाही. टायमर लावून धावले की फोटोत नुसती पाठ येते. काकांच्या हाती कॅमेरा दिला तर फ्लॅश उडताना त्यांचेच डोळे मिटतात आणि हात खाली जातो. माझ्या पोटाचे मऊ, ऊबदार, अप्रतिम फोटो ढीगभर तयार आहेत. तेव्हा शनिवारी सकाळी तू ये. तुझा हात स्थिर आहे, हे मी रागातही नाकारलेलं नाही. फ्रेमवाला दुपारपर्यंत थांबेल.

ता. क. २ : येताना तू काढलेला माझा तो पहिला फोटोही घेऊन ये, चांगला मोठा करून. नव्या ग्रंथपालबाईंनी तो गंमत म्हणून पुस्तकं परत घ्यायच्या खिडकीवर चिकटवला, तर वर्षानुवर्षं अडकलेली पुस्तकं लोक खाली मान घालून आणून देताहेत. त्यांना तो तिथे कायमचा हवाय. मी होकार दिलाय. त्याचा उजेड मात्र जराही मऊ करायचा नाही. दोन्ही गोष्टींचं उत्तर शुक्रवार, २४ मार्च, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे, आणि लेखी. फोनवरचं "हो गं मावशी, बघतो" उत्तर म्हणून धरलं जाणार नाही.