दादांच्या खात्यात ठेवलेला आवाज

॥ श्री ॥
लक्ष्मी गेट, झाशी
४ फेब्रुवारी २०२५

ति. दादांस,
भानूचा सा. न. वि. वि.

फोन करू नकोस असं मनस्वीने बजावलंय, म्हणून पत्र. सुजयने तिच्या फोनात काय घालून ठेवलं होतं कोण जाणे, पोरगी कुणाशी काय बोलली ते नवऱ्याला घरबसल्या कळायचं. आता तिला माझ्या फोनचाही भरवसा नाही. पोस्टमन भैया बरा, तो वाचत बसत नाही.

ती ग्वाल्हेरला शाळेत नोकरीला लागली, होस्टेलात राहते, शनिवारी घरी येते. जेवण अर्धंच, पण झोप लागते म्हणाली. बस, तेवढं पुरे.

तुम्ही नेटवरच्या तुमच्या खात्यात तिला जागा दिलीत, फार बरं केलंत. तिच्या स्वतःच्या खात्यात तर तो शिरलेलाच. ह्यांचा रेल्वेतल्या दिवसांचा कॉम्प्युटर मी कबाडीला देणार होते. विंडोज त्यात चालेना. मनस्वीने त्यात ते फुकटचं लिनक्स घातलं, तर चालतोय. सुजय तिला काय काय बोलायचा त्याचं सगळं रेकॉर्डिंग त्यात आहे. फोन त्याने फोडला, पण त्याआधी तिने ते इकडे पाठवलं होतं. या कॉम्प्युटरात जे असेल तेच तुमच्या खात्यात आपोआप जातं, मात्र कुलूप लागून. तुम्ही उघडलंत तर नुसतं आडवंतिडवं दिसेल, नावंसुद्धा वाचता यायची नाहीत. कचरा समजून हात लावू नका, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. किल्ली तिच्या डोक्यात. या दोन जागा सोडून तिसरीकडे कुठे काही नाही. कोर्टाच्या तारखेआधी पेन ड्राइव्ह आणून त्यात घेईन म्हणते.

तिला एवढंच हवंय की ते घाण शब्द कोर्टात स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागू नयेत. जजसाहेब ऐकतील, ती मान खाली घालून बसेल.

वहिनींना नमस्कार, इराला आशीर्वाद. माया आहे ती राहू द्यावी.

तुमची,
भानू


नागपूर
१५ फेब्रुवारी २०२५

चि. भानूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझे अक्षर अजून मुंग्या धावत सुटल्यासारखेच आहे. तुझी वहिनी चष्मा लावून वाचते आणि मला सांगते.

इकडे आनंदाची बातमी आहे. इराचे जमते आहे. मुलगा बँकेत आहे, सुजयच्या आत्याचाच. माणसे मोठ्या मनाची. तुमच्याकडचे प्रकरण कानावर असूनही त्यांनी आपल्याला नाही म्हटले नाही.

परवा सुजयही येऊन गेला. संत्री घेऊन आला, वाकून नमस्कार केला, बराच वेळ बसला. खराब झालाय बिचारा. भानू, नवराबायकोत शब्द होतातच. रागात बोललेले कुणी साठवून ठेवते का? दिवाकरराव काय कमी ओरडायचे? मनस्वीचे स्थळ मी आणले म्हणून मलाच दोन्हीकडून ऐकावे लागते. तुमच्या त्या कुलपाचे मला विचारू नकोस. मला टीव्हीचा रिमोटसुद्धा इरा लावून देते.

सगळे गोड होईल. सर्वांवर लक्ष असू दे.

तुझा,
दादा

ता. क. कॉम्प्युटर फार दिवस बंद ठेवला की बिघडतो म्हणतात. नेटची वायर जोडून एकदा चालू कर आणि तासभर तसाच राहू दे.


॥ श्री ॥
झाशी
२३ फेब्रुवारी २०२५

ति. दादांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसं केलं. वायर लावली, बटण दाबलं. वरच्या कोपऱ्यात एक बाण गोल गोल फिरत बसला. मला वाटलं चालतंय सगळं ठीक, मी कणीक मळायला गेले.

काल मनस्वी आली. पेन ड्राइव्ह घेऊनच आली होती. किल्ली घातली, कुलूप उघडलं, तर आत काहीच नाही. पोरगी रडली नाही. कोपऱ्यातला तो बाण दाबून काय काय गेलं ते वाचून काढलं. मग मला म्हणाली की आई, हे इथून गेलेलं नाही, मामाकडून गेलंय. तिकडे पुसलं की इकडचं पुसतं.

तर दादा, तुमच्याकडे काय झालं ते सरळ लिहा. तिकडे काही उरलं असेल तर त्याला बोट लावू नका.

आणि ह्यांचं नाव मध्ये घेत जाऊ नका. हे ओरडायचे ते चहा गार झाला म्हणून. बायकोच्या तोंडावर उशी दाबून नाही.

उत्तर लवकर द्यावं, बाकी काही मागत नाही.

भानू


नागपूर
५ मार्च २०२५

चि. भानूस,
आशीर्वाद.

झाले ते असे. इराचा साखरपुडा घाईत उरकला, तुला कळवायचे राहून गेले. फोटो खात्यात ठेवायचे तर जागा शिल्लक नाही. बघतो तर वेड्यावाकड्या नावांचा ढीग. मला वाटले कचरा, साफ करून टाकला. टोपलीत गेलेलेही काढून टाकले. इकडचे काढल्यावर तिकडचेही जाते हे मला म्हाताऱ्याला काय ठाऊक? चूक झाली.

पण एक सांगतो, जे झाले ते बऱ्यासाठीच असेल. आता पुरावा नाही तर भांडणही नको. सुजय तिला न्यायला तयार आहे. मिटवून टाका. कोर्टाची पायरी आपल्या घरात कुणी चढलेले नाही.

राग धरू नये, भाऊ म्हणून सांगतो.

दादा


झाशी
१६ मार्च २०२५

ति. दादांस,
नमस्कार.

कचरा समजू नका हे मी पहिल्याच पत्रात घातलं होतं. वहिनींनी वाचून दाखवलं असेलच.

तुम्हांला रिमोट लावता येत नाही. मग टोपलीत जाऊन पुसलेलं परत पुसायचं हे कुणी शिकवलं? कॉम्प्युटर चालू कर, वायर जोड, तासभर राहू दे, हे कुणी सांगून लिहवलं? मनस्वी म्हणते तो बंद राहिला असता तर इथली प्रत वाचली असती. सुजय कॉम्प्युटरचंच काम करून पगार घेतो. संत्री खाताना तुम्हांला ते आठवलं नाही काय?

वकील कश्मिराजींनी त्या नेटवाल्यांना लिहून पाहिलं. ते म्हणाले, टोपलीतून गेलं ते गेलं, आणि आत काय होतं ते आम्हांलाही कधी दिसलं नव्हतं. म्हणजे कुलूप पक्कं होतं. ते कुणी उघडलंच नाही. पेटीच उचलली, आणि दार मी उघडून दिलं, तुमच्या सांगण्यावरून.

इराला मी वेगळं पत्र घातलंय, तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर. त्या माणसांत जायचं तर कळून जाऊ दे. तुम्ही तिचे बाप, तुम्हांला सांगायला लाज वाटत असेल, मला नाही वाटत.

मनस्वी मागे हटत नाही. तारीख पुढच्या आठवड्यात आहे. ते सगळं आता तिने उभं राहून बोलायचंय, सुजय समोर बसलेला असताना. कश्मिराजी म्हणाल्या सराव करून घ्या, अडखळली तर पलीकडचा वकील खोटी ठरवेल. म्हणून मी लसूण सोलत बसते आणि ती भिंतीकडे तोंड करून बोलते. तो काय म्हणाला, कसं म्हणाला, उशी काढल्यावर काय म्हणाला. पहिल्यांदा अर्ध्यावरच तिला ओकारी आली. मी पाणी दिलं, पाठ चोळली, आणि म्हटलं, आता परत पहिल्यापासून. मी म्हटलं, दादा, तिच्या आईने.

आता ती कुठे अटकत नाही. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशी सांगते. मला ते ऐकवत नाही, तरी मी बसते.

मोठे आहात म्हणून नमस्कार.

भानुमती