पांजच्या मधल्या पाण्यातून

१२ जून
नेकबख्त, पोरी, लिहायला एवढा उशीर केला म्हणून बापावर रागावू नकोस. सरहद्दीवरचा पूल बंद झाला तेव्हाच वही आणली होती, पण शाळा चौथीत सुटलेली, हात वळत नाही. पूल उघडला की वही तुझ्याच हातात देईन. पलीकडचा फोन तर लागतच नाही.

आज काठावरच्या या घरात राहायला आलो. पांज नदी इथे इतकी अरुंद आहे की तुझ्या अंगणातले जर्दाळूचे झाड दिसते! माझ्या आजोबांच्या लहानपणी हे दोन्ही काठ मिळून एकच गाव होते. मग लंडन आणि पीटर्सबर्गच्या साहेबांनी नदीलाच सरहद्द मानली. आता तू अफगाणिस्तानात, मी ताजिकिस्तानात. रेघ म्हणे पाण्याच्या मधोमध आहे. दुपारी तू भिंतीवर लाल घोंगडी वाळत घातलीस. मी एकटाच हसलो आणि खारट दूधचहात भाकरी कुस्करून दोनदा जेवलो.

१५ जून
शेजारीण गुलबेगीम तुतीचे पीठ घेऊन आली. जिभेची तिखट, पण मनाने बरी. म्हणाली, "म्हातारबा, पलीकडून हाक आली की लगेच ओ देऊ नका. हाक मारणाऱ्यानं आधी आपल्या आईचं नाव सांगायचं, मगच बोलायचं. इथली रीत आहे."

मी म्हटले, माझ्या पोरीचा आवाज मला कळत नाही काय?

"आवाज त्यांनाही काढता येतो. मधल्या पाण्यात किती जण गेले! ना इकडचे, ना तिकडचे. कुणी पुरलं नाही, कुणी दिवा लावला नाही. त्यांना घर हवं असतं, म्हातारबा."

बायकांच्या गोष्टी. तरी रात्री कडी दोनदा तपासली.

२१ जून
वरचे बर्फ वितळते आहे. पाणी राखेच्या रंगाचे झाले आहे, तळाचे धोंडे गडगडतात. दुपारी हाक आली, "बाबा!" तुझीच. मी अनवाणी धावलो. पुढे काहीच ऐकू येईना, तेव्हा मीच ओरडलो, "कोण? दावलतबेगीमची नेकबख्त का?"

मग आवाज आला, "हो बाबा. दावलतबेगीमची नेकबख्त."

आनंदाने गुलबेगीमला सांगायला गेलो. तिने हातातली किटली खाली ठेवली.

"नाव आधी तुम्ही घेतलंत?"

मी मान हलवली.

"अहो, घराची किल्लीच पाण्यात टाकलीत की!"

२४ जून
हाक आज जवळून आली. नदीच्या मधून. तिथे होडी नाही, खडक नाही. तुझी लाल घोंगडी अजून भिंतीवर आहे, पावसातही. तू अशी विसरणारी नव्हेस.

२६ जून
चौकीवरच्या शिपायाने दुर्बिणीतून पाहिले. तुमच्या अंगणापर्यंत पाणी चढले आहे, दार उघडे, आत कोणी नाही. वर पठारावर गेले असतील, म्हणाला. असतील.

मग मान खाली घालून म्हणाला, सकाळी एक बाई बकऱ्याच्या फुगवलेल्या कातड्यावर पाण्यात उतरली होती. तोंड आमच्या काठाकडे. मधोमध पोचल्यावर दिसेनाशी झाली.

ती तू नव्हेस ना? माझ्या ओ देण्यामुळे तर नाही—

२७ जून
दुपार. दारावर थाप.

"बाबा, दावलतबेगीमची नेकबख्त."

रीत पाळली तिने. आता रीतीचा काय उपयोग? नाव तर मीच—

तीच असेल तर? भिजलेली, अर्धमेली, आणि बाप आतून कडी धरून—

गुलबेगीम तिच्या खिडकीतून ओरडते आहे, उघडू नका, म्हातारबा, उघडू नका!

नदीकाठी मी कधीच ओरडून सांगितले नव्हते असे काहीतरी विचारले. तुझ्या आजीचे नाव काय?

दाराखालून राखाडी पाणी आत आले.

मग हळूच, "तुम्हीच सांगा ना, बाबा."

तुला ते नाव ठाऊक आहे. तिच्याच मांडीवर वाढलीस तू. पण थंडीने बधिर झालेल्या माणसाला काय आठवते? दात वाजताहेत तिचे. लहानपणी तापात वाजायचे तसेच—

पोरी, पठारावर असशील तर लवकर निरोप पाठव. धूर कर, घोंगडी काढ, काहीही कर, पण आत्ता, लवकर, माझा हात कडीवर—

"बाबा, गारठले मी"—

अगदी तुझाच—